मॉडेल रेल्वे: गाडी पुन्हा पुन्हा रुळावरून उतरते तेव्हा

घरच्या लेआउटबद्दल सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार एकच: गाडी उतरते. ट्रॅक पुसून झाला, खिळे ठोकून झाले, नवीन इंजिनही आणून झालं, तरी आठवड्याने तेच. लोकांचे लेआउट दुरुस्त करायला जातो तेव्हा बहुतेक ठिकाणी हाच दोष समोर येतो, आणि बहुतेक ठिकाणी मालकाने सुरुवात अवघड टोकाने केलेली असते. आधी ट्रॅक उखडायचा, मग पॉइंट (गाडीला एका ट्रॅकवरून दुसऱ्यावर वळवणारा तुकडा) बदलायचा, आणि सगळं संपल्यावर डबा उलटा करून चाकांकडे बघायचं. खाली क्रम बरोबर उलटा आहे. फुकट होणाऱ्या तपासण्या आधी, करवत लागणाऱ्या शेवटी.

आकडे एचओ या मॉडेल-मापाचे आहेत, म्हणजे प्रमाण १:८७ आणि गेज (दोन रुळांमधलं अंतर) १६.५ मिमी. ओओ या दुसऱ्या मापाचे लोक याच गेजवर चालतात, त्यामुळे ट्रॅकबद्दलचं सगळं त्यांनाही लागू. एन स्केलचं गेज ९ मिमी, तिथे पद्धत हीच, मापं वेगळी.

लक्षणं

आधी नीट बघा की गाडी नेमकी कशी उतरते. यातलं कुठलं लक्षण जुळतं ते कळलं की निम्मी मेहनत वाचते.

- एकाच जागी कुठलाही डबा उतरतो: दोष ट्रॅकमध्ये.
- एकच डबा कुठेही उतरतो: दोष डब्यात. ट्रॅकला हात लावू नका.
- एका जागी फक्त लांब डबे उतरतात, वाघिणी सुखरूप जातात: वळण अपुरं आहे, किंवा दोन उलटी वळणं एकमेकांना चिकटली आहेत.
- ओढताना ठीक, ढकलताना उतरते: कपलर (डबे जोडणारा हुक) किंवा वजन.
- पॉइंटच्या टोकाकडून आत शिरतानाच उतरते, उलट दिशेने येताना नाही: पॉइंटची पाती (त्यातले सरकणारे, निमुळते रूळ).
- लांब रेकमधला (जोडलेल्या डब्यांच्या रांगेतला) एखादा डबा वळणाच्या आतल्या बाजूला आडवा होतो: तो डबा शेजाऱ्यांपेक्षा हलका आहे.
- शेजारच्या ट्रॅकवर दुसरी गाडी असली तरच उतरते: डबे एकमेकांना घासताहेत.
- हिवाळ्यात काही नाही, मे महिन्यात किंवा पावसाळ्यात सुरू होतं: लाकूड आणि रूळ.

जागा की डबा?

हा प्रश्न सुटल्याशिवाय पुढे जाऊ नका. डबा जिथे उतरला तिथे स्लीपरवर चिकटपट्टीचा तुकडा लावा आणि गाडी पुन्हा फिरवा. मग तोच डबा टोकं बदलून जोडा. मग त्याला रेकमध्ये पुढे-मागे हलवा. मग त्याच्या जागी दुसरा डबा लावा. चिकटपट्ट्या एका जागी जमल्या तर ट्रॅक गुन्हेगार. पट्ट्या लेआउटभर विखुरल्या पण डबा तोच निघाला, तर डबा.

एक खोच लक्षात ठेवा. डबा आडवा पडलेला दिसतो ती जागा आणि चाक रुळावर चढलं ती जागा एक नसते. उतरलेलं चाक स्लीपरवरून घासत बरंच पुढे जातं आणि पॉइंट आला की अडकतं. म्हणून पॉइंट विनाकारण बदनाम होतात. स्लीपरच्या प्लास्टिकवर फ्लँजचे (चाकाच्या आतल्या बाजूच्या उंच कडेचे) बारीक ओरखडे शोधा, ते जिथे सुरू होतात ती खरी जागा. फोन ट्रॅकच्या उंचीवर ठेवून स्लो-मोशनमध्ये चित्रण केलं तर चाक उचललं जाताना स्पष्ट दिसतं. याला पैसे लागत नाहीत, तरी फार कमी लोक हे करतात.

केर, खडी, खिळे

फ्लँज रुळाच्या आतल्या बाजूने, जेमतेम मिलिमीटरभर खाली चालते. तिथे खडीचा एक दाणा फेव्हिकॉलमध्ये चिकटून बसला असेल तर चाक उचललं जाणारच. फ्रॉगच्या (पॉइंटमध्ये दोन रूळ एकमेकांना छेदतात त्या जागेच्या) खाचेत आणि पात्यांच्या मुळाशी दाणे हमखास सापडतात. टूथपिकने काढा. खिळ्याचं डोकं स्लीपरच्या वर आलं असेल तर खाली दाबा, पण जोरात ठोकू नका. मधोमध ठोकलेला खिळा स्लीपरला वाकवतो आणि त्या जागी गेज आवळलं जातं. हा नवा दोष आपणच तयार करतो.

चाकांवर चढलेला काळा थर आयसोप्रोपिल अल्कोहोलने निघतो. थर जाड झाला की चाकाचा आकार बदलतो, शिवाय वीज तुटक मिळून इंजिन आचके देतं, आणि आचक्याने मधला हलका डबा उचलला जातो. रुळांवर पॉलिश पेपर घासू नका. त्याच्या ओरखड्यांत घाण आणखी लवकर बसते.

चाकं आणि बोगी

दोष डब्यात असेल तर सगळ्यात जास्त वेळा तो इथे सापडतो. व्हर्निअर कॅलिपर घ्या आणि एका आसावरच्या दोन चाकांच्या आतल्या पाठींमधलं अंतर मोजा. एचओमध्ये ते साधारण १४.४ मिमी असावं. कमी असेल तर चाकाची पाठ पॉइंटमधल्या चेक रेलवर (मुख्य रुळालगतच्या छोट्या जादा रुळावर) घासते किंवा चढते. जास्त असेल तर फ्लँज सतत रुळाला टेकून राहते आणि जरा कारण मिळालं की वर चढते. म्हणून अशा डब्याला पॉइंटवर त्रास होतो आणि सरळ ट्रॅकवर होत नाही.

एकाच जागी मोजून थांबू नका. चाक थोडं थोडं फिरवून तीन ठिकाणी मोजा. आकडे वेगवेगळे आले तर चाक डुगडुगतंय. अंतर बदलायचं असेल तर चाक पिळत पिळत सरकवा, सरळ खेचू नका. धातूच्या चाकांत एका बाजूला इन्सुलेशनची बुशी असते, ती खेचल्याने सैल पडते.

मग बोगी, म्हणजे डब्याखालची चाकांची फिरती चौकट. डबा उलटा धरून दोन्ही बोगी बोटाने फिरवा. पायदान, पाइप किंवा बॅटरी बॉक्सला चाक अडत असेल तर वळणावर बोगी पुरती वळणार नाही, चाक तिरकं जाऊन चढेल. स्क्रू जास्त आवळलेला असतो हेही नेहमीचं. माझी पद्धत अशी: एका बोगीचा स्क्रू इतका घट्ट की ती फक्त डावी-उजवी फिरावी, डुलू नये. दुसरीचा अर्धा-पाऊण आटा सैल, म्हणजे ती थोडी डुलेलही. अशाने डबा तीन टेकूंवर उभा राहतो आणि ट्रॅक जरा वाकडा असला तरी आठही चाकं रुळावर टेकून राहतात. दोन्ही आवळलेल्या असतील तर एक चाक हवेत राहतं. दोन्ही सैल असतील तर डबा दारुड्यासारखा झुलतो.

वजन

अमेरिकेच्या एनएमआरए या संघटनेची शिफारस सोपी आहे: एचओच्या डब्याला सुरुवातीचं १ औंस आणि त्यावर लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. ग्रॅममध्ये सांगायचं तर २८ अधिक दर इंचाला १४. आपल्या आयसीएफ (जुन्या पद्धतीच्या प्रवासी) डब्याची लांबी एचओमध्ये २४५ मिमी होते, म्हणजे त्याचं वजन १६५ ग्रॅमच्या आसपास हवं. बॉक्सएन वाघीण (वरून उघडी मालवाहू) १२३ मिमी, तिला ९७ ग्रॅमच्या आसपास.

स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून बघा. ३डी प्रिंट केलेले डबे फार हलके असतात. हलका डबा दोन जड डब्यांमध्ये जोडून वळणावर ओढला की दोरी ताणल्यासारखं होऊन तो आत खेचला जातो. हीच गाडी ढकलली तर तो बाहेर फेकला जातो. त्यामुळे सगळे डबे सूत्रानुसार असण्यापेक्षा सगळे एकाच सूत्राचे असणं जास्त महत्त्वाचं.

वजनासाठी टायरच्या दुकानात अलॉय व्हीलवर चिकटवायच्या ५ आणि १० ग्रॅमच्या पट्ट्या मिळतात. त्या फरशीवर, दोन्ही बोगींच्या वर सारख्या वाटून लावा. छताखाली लावू नका, डबा डोईजड होतो.

कपलर याच वेळी बघून घ्या. दोन शेजारच्या कपलरची उंची सारखी असावी, आणि खाली लोंबणारी वाकडी तार असेल तर ती रुळाच्या वर राहावी. ती पॉइंटमध्ये अडकते. कपलर बाजूला ढकलला तर आपोआप मध्यावर परत आला पाहिजे.

सांधे आणि पॉइंट

आता ट्रॅक. संशयाच्या जागी डोळा रुळाच्या पातळीवर आणून एका बाजूने टॉर्च मारा. मग रुळाच्या आतल्या काठावरून नख फिरवा. जिथे नख अडकेल तिथे फ्लँजही अडकते. सगळ्यात जास्त वेळा सापडणारी गोष्ट: रूळ जॉइनरच्या (दोन रूळ जोडणाऱ्या धातूच्या पट्टीच्या) आत शिरायच्या ऐवजी त्याच्या डोक्यावर चढून बसलेला असतो. वरून दिसत नाही, बाजूने लगेच दिसतो. साधी छोटी पायरी असेल तर बारीक कानशीने आतला कोपरा गोल करा, काम होतं.

वळणावरचा फ्लेक्स ट्रॅकचा (हवा तसा वाकवता येणाऱ्या ट्रॅकचा) सांधा ही वेगळी डोकेदुखी. फ्लेक्सची लांबी ९१४ मिमी, टोकं सरळ व्हायला बघतात, त्यामुळे सांध्यावर वळणाऐवजी कोपरा होतो. तो नुसता दाबून कधीच जात नाही. दोन तुकडे सरळ असतानाच जॉइनरवर डाग (सोल्डर) द्यायचा आणि मग एकत्र वाकवायचे. डाग देताना शेजारच्या स्लीपरवर ओला कापूस ठेवा, नाहीतर प्लास्टिक वितळून गेज बिघडतं. सरळ भागातले सांधे मात्र मोकळे आणि थोड्या फटीचे ठेवा. निकेल सिल्व्हरचा ९१४ मिमीचा तुकडा तापमान २५ अंशांनी वाढलं की ०.४ मिमीच्या आसपास लांबतो. ट्रॅक थंडीत टाकला, सगळे सांधे डागले, आणि गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत मे उजाडला, की रूळ बाजूला फुगतो.

पॉइंटमध्ये तीन जागा. पातं मुख्य रुळाला पूर्ण चिकटतं का? कागदाचा तुकडा मध्ये सरकला तर नाही. पात्याचं टोक जाड आहे का? वरच्या आणि आतल्या बाजूने कानशीने पातळ करा, चाकाला ते जाणवता कामा नये. आणि चेक रेलची फट मोठी आहे का? तिचं काम चाकाला फ्रॉगच्या टोकापासून दूर धरणं. फट मोठी असेल तर चाक टोकावर आदळतं. चेक रेलच्या मुख्य रुळाकडच्या बाजूला पातळ प्लास्टिकची पट्टी चिकटवली की फट कमी होते. चाकांचं अंतर आधी बरोबर करून घ्या, मगच पॉइंटला कानस लावा. एकदा घासलेला धातू परत येत नाही.

फळी

एक रूळ दुसऱ्यापेक्षा थोडा वर असला तर गाडी चालते. वळणावर आपण मुद्दाम तसं करतोही. पण तोच फरक डब्याच्या लांबीत बदलला, म्हणजे पुढच्या बोगीखाली डावा रूळ वर आणि मागच्या बोगीखाली उजवा, तर ट्रॅकला पीळ पडला. पिळात एक चाक उचललं जातं. खऱ्या रेल्वेतही ट्रॅक मोजताना पीळ वेगळा मोजतात, तो याचसाठी. रुळांवर आडवी छोटी लेव्हल बॉटल ठेवून वीतभर अंतराने बघत जा. बुडबुडा एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे गेला तर सापडलं. पातळ पुठ्ठ्याचे तुकडे स्लीपरखाली सारून दुरुस्ती होते.

पावसाळ्यात पीळ आपोआप येतो. लाकूड तापमानापेक्षा दमटपणाने जास्त हलतं, आणि कोकणात किंवा मुंबईत जून ते सप्टेंबर खोलीची हवा ओलीच. फक्त वरून रंगवलेली प्लाय खालून पाणी पिते आणि वाकते. म्हणून रंग किंवा वॉर्निश दोन्ही बाजूंना आणि कडांनाही. प्लाय घेताना एमआर (फक्त दमटपणा सोसणारी) शिक्क्याऐवजी बीडब्ल्यूआर (उकळतं पाणीही सोसणारी) घ्या, किमतीतला फरक ट्रॅकच्या तुलनेत किरकोळ आहे.

आणि शेवटी नकाशा

वरचं सगळं करूनही लांब डबे उतरत राहिले, तर दोष कागदावरच झालेला आहे. हा भाग ऐकायला लोकांना आवडत नाही, पण निम्मे लेआउट इथेच अडकलेले असतात: ट्रॅक सेटच्या डब्यातून आला आणि डबे आवडीने घेतले, दोघांची गाठ कुणी घालून बघितली नाही.

भारतीय ब्रॉडगेजवर सर्वांत तीव्र वळण १० अंशांचं, म्हणजे १७५ मीटर त्रिज्येचं धरलं जातं. एचओमध्ये ते सुमारे २ मीटर होतं. सेट ट्रॅकचं (ठरावीक मापाच्या तयार तुकड्यांचं) दुसऱ्या क्रमांकाचं वळण ४३८ मिमी त्रिज्येचं असतं, म्हणजे प्रत्यक्षात ३८ मीटर. आपण राजधानीला अशा वळणावर धाडतो की ज्यावर खरी राजधानी उभीही राहणार नाही. चालते तेच आश्चर्य.

एलएचबी (नव्या पद्धतीचा प्रवासी) डबा २३.५४ मीटरचा, एचओमध्ये २७० मिमी. बोगींच्या मध्यांमधलं अंतर १४.९ मीटर, म्हणजे १७१ मिमी. दोन्ही बाजूंना जवळपास ५० मिमी डबा बोगीच्या पुढे लोंबतो. ४३८ च्या वळणावर या डब्याचं टोक ट्रॅकच्या मध्यापासून १२ मिमी बाहेर जातं. आता एक डावं वळण संपून लगेच उजवं सुरू होत असेल तर पहिल्या डब्याचं टोक १२ मिमी एका बाजूला आणि दुसऱ्याचं १२ मिमी दुसऱ्या बाजूला. फरक २४ मिमी, म्हणजे गेजपेक्षाही जास्त. कपलर तेवढा वळत नाही, तो डब्यालाच ओढून बाहेर काढतो. दोन पॉइंट पाठोपाठ लावून केलेला क्रॉसओव्हर (एका ट्रॅकवरून शेजारच्या ट्रॅकवर जाणारी वाट) हाही असाच उलटसुलट वळसा असतो, नकाशावर तो सरळ दिसतो एवढंच. अशा दोन वळणांमध्ये सगळ्यात लांब डब्याएवढा सरळ तुकडा टाका. खूप वेळा एवढ्याने भागतं.

घासण्याचा प्रश्नही याच हिशोबातला. डब्याची रुंदी ३.२४ मीटर, म्हणजे ३७ मिमी. आतल्या ट्रॅकवरचं टोक १२ मिमी बाहेर, बाहेरच्या ट्रॅकवरच्या डब्याचं पोट ७-८ मिमी आत. दोन ट्रॅकच्या मध्यांमध्ये किमान ५७ मिमी हवेत, वर थोडी मोकळीक वेगळी. सरळ भागात ५१ मिमी शोभून दिसतात म्हणून वळणावरही तेवढेच ठेवले तर टक्कर ठरलेली.

ढोबळ नियम: वळणाची त्रिज्या सगळ्यात लांब डब्याच्या तिप्पट. एलएचबीला ८१० मिमी. आठ बाय चार फुटांच्या प्लायवर कडेची जागा सोडून जास्तीत जास्त ५६० मिमी बसते. म्हणजे एका प्लायवर एचओ एलएचबीचा पूर्ण फेरा नियमात बसतच नाही. तीन वाटा उरतात. बॉक्सएनसारख्या लहान वाघिणी चालवा, त्यांना ३७० मिमीही पुरतं. मात्र इंजिन निवडताना बघा, डब्ल्यूएपी-७ आणि डब्ल्यूडीएम-२ दोन्ही प्रत्येक बोगीत तीन आसांची आहेत आणि घट्ट वळणावर मधलं चाक कुरकुरतं. दुसरी वाट एन स्केलची, तिथे तोच एलएचबी १४७ मिमीचा होतो आणि ४४० मिमीचं वळण त्याच प्लायवर आरामात मावतं. तिसरी वाट म्हणजे नेरळ-माथेरानसारखी दोन फुटी लाइन: एचओ प्रमाणातले डबे, ९ मिमी ट्रॅक, छोटी गाडी, आणि घट्ट वळणं तिथे खरीच असतात. मला विचाराल तर एका प्लायच्या मालकाने तिसरी निवडावी.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

पॉवर पॅक उघडू नका. त्याच्या आत २३० व्होल्ट येतात. गुणगुणतोय, तापतोय, जळका वास येतोय, हात लावल्यावर झिणझिण्या येतायत, यातलं काहीही झालं तर प्लग काढा आणि इलेक्ट्रिशियनला दाखवा. नातेवाइकांनी अमेरिकेहून आणलेल्या सेटचा पॅक १२० व्होल्टचा असू शकतो. मागचा शिक्का वाचल्याशिवाय आपल्या सॉकेटमध्ये लावू नका, प्लगचा अडॅप्टर व्होल्टेज कमी करत नाही.

डीसीसी (डिजिटल नियंत्रण) असेल तर उतरलेली गाडी रुळावर तशीच सोडून तपासत बसू नका. धातूचं चाक दोन रुळांना जोडलं गेलं आणि बूस्टर (रुळांना वीज पुरवणारा भाग) वेळेत बंद झाला नाही तर बोगीचं प्लास्टिक वितळतं. आधी वीज बंद. डिकोडर (इंजिनातला डीसीसीचा सर्किट बोर्ड) बदलायचा असेल आणि बारीक डाग देण्याचा हात नसेल तर हे काम येणाऱ्याकडे द्या.

इंजिन स्वतः टकटक आवाज करत उतरत असेल तर आसावरचं प्लास्टिक गिअर तडकलेलं असण्याची शक्यता मोठी. सुटा भाग मिळाला तर दुरुस्त होतं, पण ते मॉडेल इंजिनं उघडणाऱ्याचं काम आहे. जुन्या इंजिनाची धातूची चासी फुगली असेल आणि तिला भेगा पडल्या असतील तर ती जस्ताच्या मिश्रधातूची कीड. त्यावर इलाज नाही, चासीच बदलावी लागते. तिथे ट्रॅक घासण्यात वेळ घालवू नका.

टेबलाच्या चार कोपऱ्यांतला फरक पुठ्ठ्याने भागण्यापलीकडे गेला, किंवा खालची चौकटच फिरली, तर सुताराला बोलवा. त्याला सांगा की वरून खिळे नकोत, खालून स्क्रू हवेत, दीड-दोन फुटांवर आडव्या पट्ट्या हव्यात आणि पायांना उंची कमी-जास्त करायचे बोल्ट हवेत. तो येण्याआधी चिकटपट्ट्या काढू नका. नेमकी कोणती पट्टी कुठल्या डब्याने लावली ते त्यांच्यावर पेनाने लिहून ठेवा, कारण फळी सरळ झाल्यावर यातल्या कुठल्या जागा अजून तशाच आहेत ते तपासायचं असतं.